कमळच्या घरची भिशी

तर सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांगा! कमळचा मुलगा दिलीप नाही, तिच्या माहेरचे मनोरीकर नाहीत. हे दोघं. पहिल्या रांगेत बसलेत ते. सतरंजी घालायची होती अजून, मी खुर्च्या पुसत होते, तेवढ्यात पवईहून गाडी आली आणि हा एवढा मोठा हार खाली उतरला. हारावर हिरवी पट्टी, पट्टीवर कंपनीचं नाव. ती पट्टी मी काढली. साहेब, शोधू नका, माझ्या पिशवीत आहे. कमळच्या फोटोवर जाहिरात नको.

बसा, बसा सगळे. मागच्या बायांनो, पुढे सरका, इथे कोणी खात नाही तुम्हाला. एवढी माणसं आलीत, बरं झालं. माईकचं मला जमत नाही. तिसरीत शाळा सुटली माझी. त्यात कमळवर बोलायचं. चाळीस वर्षं जिच्याशी रोज भांडले, तिच्याविषयी उभं राहून काय बोलायचं, तुम्हीच सांगा. मी सुलोचना, खोली नंबर आठ. चाळीत नवीन आलेत त्यांच्यासाठी सांगते.

आणि साहेबांच्या बाजूला चष्मेवाली बसलीय ना, ती माझी नात, तन्वी. मान वर कर गं. बघा, दिसते कशी! आज तिच्यावर माझा एवढा राग आहे की सकाळपासून चहा विचारला नाही. तरी दिसते बघा कशी.

कमळ मनोरीची. लग्न होऊन इथे मालाडला आली. सकाळी मार्वे जेट्टीवर जायचं, फेरीबोटीने भाऊ मासळी आणायचा ती घ्यायची, आणि बाजारात पाटी मांडून बसायचं. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की म्हणायची, "बाय, पैसे राहू दे, घरी जाऊन डाळ खा." आठवतंय ना? हसा, हसा. तिला चालेल.

आमची अकरा बायांची भिशी. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे घालायचे, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला सगळे. डबा कमळकडे. आता एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचे हे गेले, त्या दिवशी अजून तिरडी बांधायची होती. घरात रडारड. कमळ आली, पदरातून पुडकं काढलं आणि माझ्या तांदळाच्या डब्यात कोंबलं. मी म्हटलं, "अगो, ह्या महिन्यात चिठ्ठी शांताची निघालीय ना?" तर म्हणते, "शांताच्या घरात माणूस आहे. तुझ्या घरातला गेला. गप ऱ्हा." नोटांना सुक्या बोंबलाचा वास. आठ दिवस आमच्या भाताला तोच वास. तेव्हापासून आमचा नियम: ज्या घरात माणूस जाईल, भिशी त्या घरात. चिठ्ठी नाही, अर्ज नाही, विचारणं नाही. एकदाही मोडला नाही नियम. शांता, मोडला का कधी? नाही ना?

मग ही माझी नात ह्या साहेबांच्या कंपनीत नोकरीला लागली. मी चाळभर पेढे वाटले. छोटी कंपनी, पण नाव काढणार, असं सगळे म्हणत होते. पवईला काचेच्या बिल्डिंगीत एक खोली आणि वीस पोरं. तिथला एक जण चपला काढून काम करतो म्हणे. तर ते असो. एका रविवारी तन्वी फोन घेऊन आली. "आजी, भिशीचे पैसे डब्यात नुसते पडून असतात. आमच्या ॲपमध्ये टाका. सूर्यावरची वीज, खाडीतली झाडं, असल्या चांगल्या कामांना लागतील, आणि वाढतील पण."

खोटं कशाला बोलू, मला आवडलं. कोणाला नाही आवडणार? पैसा वाढणार आणि वर पुण्य. पण कमळला वाढण्याशी देणंघेणं नव्हतं. तिने फोनमधला फोटो बघितला आणि म्हणाली, "ही तिवर हाय ना गो? हिच्या मुळात निवट्या ऱ्हातात, चिंबोऱ्या ऱ्हातात. आमच्याकडे भराव टाकला, तिवर गेली, भावाचं जाळं रिकामं यायला लागलं. झाडं लावतात? मग घाल पैसे." त्या एका फोटोवर विश्वास ठेवला तिने. आणि माझ्यावर. सुलूची नात खोटं नाही बोलणार, म्हणाली.

मी तन्वीला एवढंच विचारलं, "मधेच कोणाच्या घरात कोणी गेलं तर?" म्हणाली, "आजी, दोन दिवसांत पैसे परत हातात." म्हणून चिठ्ठी थांबवली, वर्षभर साठू दे म्हटलं.

आता आमची चूक. ती पण सांगते, लपवत नाही. तन्वी म्हणाली, अकरा बायांची अकरा खाती काढूया. आम्ही म्हटलं, भिशीचा डबा एक, तर फोन पण एकच. डबा कमळकडे, म्हणजे फोन कमळचा. खातं तिच्या एकटीच्या नावावर. डब्याला कधी अकरा कुलपं असतात का? आम्ही अडाणी. पण ही शिकलेली! हिला माहीत होतं. महिनाअखेर होती, हिला पैसे आलेले दाखवायची घाई होती, म्हणाली, "चालेल." आणि वारसाचा रकाना? "नंतर भरू, मावशी." राहिला कोरा.

कमळ मात्र दर भेटीत विचारायची, "तन्वी, कुठली खाडी गो? मला बघायला ने. डबा भरून चिंबोऱ्यांचं कालवण घेऊन येते तिथल्या माणसांना." तन्वी म्हणायची, विचारून सांगते. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं. खाडीबिडी काही नाही. पैसे मोठमोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये जातात. त्या कंपन्या म्हणे पर्यावरणाची काळजी घेतात. कमळ म्हणाली, "म्हणजे फोटो खाडीचा आणि पैसे शेटजींना?"

साहेब, खाली काय बघताय? ह्याचं उत्तर द्यायचं राहिलंय तुमचं. तिला नाही दिलंत.

पैसे परत काढून घ्यायच्या आधीच कमळ वारली, बाजारात, पाटीपुढे, बसल्या जागी. हातात पापलेट होतं. दुसऱ्या दिवशी दिलीपने फोन उघडला. तर ते ॲप चेहरा मागतं. त्याने कंपनीला फोन लावला. गोड आवाजाची मुलगी म्हणते, "ग्राहकांना कॅमेऱ्यासमोर आणा आणि पापणी हलवायला सांगा." दिलीप म्हणाला, "मॅडम, आई काल गेली." ती म्हणते, "सॉरी सर. मग फोटो चालणार नाही, जिवंत चेहरा लागतो."

ऐकलंत? जिवंत चेहरा लागतो! अरे, आम्हाला पण लागतो रे!

आता म्हणतात वारसाचा कागद आणा, कोर्टात जा, काही महिने लागतील. आणि कमळची नात पिंकी, ती बघा दाराशी उभी आहे, तिच्या नर्सिंगची फी ह्या शनिवारी भरायची आहे. फी भरली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला. कमळ तेवढ्यासाठीच साठवत होती. आमच्या नियमाने भिशीचे सगळे पैसे आत्तापर्यंत कमळच्या तांदळाच्या डब्यात पडायला हवे होते. माझ्या वेळी एक तास लागला नव्हता. तिच्या वेळी मी आणलेली ही कंपनी आडवी आली. मी आणलेली. पेढे मी वाटले होते.

मघाशी, तुम्ही यायच्या आधी, साहेब मला समजावत होते. "आजी, आमची एक प्रोसेस असते." मी म्हटलं, आमची पण असते, बाळा, तुझ्या जन्माच्या आधीपासूनची. मग म्हणाले, शोकसभेचा एक फोटो काढू, आमच्या पहिल्या ग्राहक होत्या त्या. तेवढ्यात आमच्या भिशीवाल्या बाजारातून आल्या. पाट्या खाली ठेवल्या, कमरेवर हात ठेवले. साहेबांनी फोन खिशात घातला. झकास दृश्य होतं.

पण बोलली कोण? तन्वी. साहेबांच्या तोंडावर बोलली. "सर, रकाना मी कोरा सोडला. एक खातं चालेल असं मीच सांगितलं. कंपनीने आत्ता आपल्याकडून द्यायचे आणि कागद झाले की खात्यातून घ्यायचे. नाहीतर माझा पगार कापा." साहेबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग पाट्यांकडे बघितलं. म्हणाले, ठीक आहे, गुरुवारी पैसे घेऊन येतो.

शोकसभेत असं बोलू नये, पण मला आनंद झाला. माझी नात आहे हो. चहा अजून देणार नाही. पैसे हातात पडले की देईन, वेलची घालून.

बस. आता सगळे उभे राहा. मोबाईल बंद करा. दोन मिनिटं गप राहायचंय. कमळ, तुला कधी दोन मिनिटं गप राहता आलं नाही, आज आमच्यासाठी राहा. डबा मी चिंच लावून घासलाय गो, आणि तुझ्या फोटोखाली ठेवलाय. चिठ्ठी काढलेली नाही.

आणि गप व्हायच्या आधी एवढं डोक्यात ठेवा, मनोरीकरांनो, तुम्ही पण. हे दोघं परत येणार आहेत. गुरुवारी, दुपारी चार वाजता, ह्याच सतरंजीवर. गुरुवारी.