बाथरूमचं उलटं दार

दारांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या आण्णांचं सांगतो. दोन हजार सालच्या आसपास आम्ही कसबा बावड्यात नवं घर बांधलं होतं. एका सकाळी वडील, म्हणजे आण्णा, आंघोळीला गेले आणि आतून धप्पकन आवाज आला. हाका मारल्या, उत्तर नाही. कडी लावलेली नव्हती, पण दार आत उघडणारं आणि आण्णा नेमके दाराला लागून पडलेले. चार बोटांची फट पडली, पुढं दार हलेना.

मी जोर लावला तसे ते कण्हले.

धाकटा भाऊ स्वीडनहून सुट्टीला आला होता. तो म्हणाला, "ढकलू नको, मान दबंल त्यांची. तिकडं बाथरूमची दारं भाईर उघडत्यात, नुसतं वढलं की झालं."

"हितं काय करायचं ते सांग की." मी ओरडलो.

माझी बायको मंगल खाली बसली. फटीतून हात घालून तिनं सासऱ्यांचा खांदा धरला. "मामा, मी मंगल. ऐकू येतंय न्हवं? पाय पोटाशी घ्या. आता जरा भिंतीकडं सरका." ती बोलतच राहिली. बऱ्याच वेळानं आण्णा हलले, दार थोडं उघडलं आणि ती अंग चोरून आत शिरली.

साखर एकदम उतरली होती. दवाखान्यातून घरी आणलं, तर भावानं बोलावलेला सुतार दार उलटं बसवत होता. आण्णा भडकले. "भाईर उघडणारं दार पावण्याच्या तोंडावर येतंय. आपल्यात असलं चालत न्हाय."

मंगल त्यांना धरून उभी होती. ती म्हणाली, "मामा, हितं पावणं न्हाय, तुम्ही पडला हुता."