थांबण्याची मर्यादा

(अंधेरीतलं एका पेटंट एजंटचं ऑफिस. दुपार.)

चेतना : सहदेवकाका, 'पैज' हा शब्द काढूया. पेटंटवाल्यांचा पहिला आक्षेप तोच आहे.

सहदेव : मग काय लिहिणार? यंत्र पैजेचंच आहे.

चेतना : 'अंदाज' लिहिते. जुगाराला पेटंट देत नाहीत.

सहदेव : जुगार खंयचो गो! टीव्हीवर कबड्डी चालू. मी नाहूरला घरी, बायको वनमाला कणकवलीला, तिच्या आईचं करायला गेलेली. चढाईवाला गडी मारून येतो की पकडला जातो, दोघांनी आपापल्या फोनवर बटण दाबायचं. हरेल त्यानं गाणं म्हणायचं. मी कायम जिंकायचो.

चेतना : कायम?

सहदेव : तिच्या फोनवर मॅच आठ सेकंद उशिरा दिसायची. मला इथे आधीच कळायचं. दोन महिने बिचारी बेसूर गात होती. मग पकडलंन मला. म्हणाली, लबाड खंयचे! म्हणून हे यंत्र. ज्याचं चित्र पुढे, त्याचं रोखून धरायचं. दोघांची बटणं दाबून झाली की मगच पुढे.

चेतना : आयडिया झकास आहे. पण दुसरा आक्षेप इथेच आलाय. किती वेळ थांबून मग पुढे जायचं, ते तुम्ही लिहिलंच नाही. काल मी चालवून बघितलं ना, पहिल्याच चढाईला अडकलं.

सहदेव : दुसरं बटण दाबायला हवं.

चेतना : दुसरा फोन तुम्ही दिलाच कुठे?

सहदेव : तो तिचा आहे. घरी चार्जिंगला लावलाय.

चेतना : काका, काकू आपल्यातून जाऊन सात महिने झाले ना?

सहदेव : आठ होतील आता. रोज मॅच लावतो, माझं बटण दाबतो. चित्र तिथेच थांबतं. थांबू दे म्हणतो. एकट्याला पुढचं बघवत नाही गो.

चेतना : आज उत्तराची शेवटची तारीख आहे. मर्यादेचा आकडा नाही दिला तर अर्ज गेला. शोधकर्ती म्हणून काकूंचं नाव आहे त्यावर, तेही जाईल.

सहदेव : नाव राहायला हवं तिचं.

चेतना : मग तीस सेकंद लिहू?

सहदेव : तीस सेकंदांत तिला चष्मासुद्धा सापडत नाही.

चेतना : काका...

सहदेव : माहीत आहे गो मला.

चेतना : मग किती लिहू?

सहदेव : साठ लिही.