वेल अजून ओली आहे

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. दोष असलेला माणूस वाईट, की दोषावर नक्षी काढणारा? उत्तराची घाई नको. मागं भिंतीला टेकून बसलेत ना, त्यांचं उत्तर झोपेत तयार होतंय! होऊ द्या. तोवर मोरेश्वराची गोष्ट.

हा मोरेश्वर तांबट. आईबाप लहानपणीच गेले. थोरल्या भिकाजीदादानं पोटच्या पोरासारखं वाढवलं, हातात हातोडी दिली. आता दादाची दृष्टी गेलेली. पण कान? कान शाबूत! घरचा नेमच होता – जिन्नस उंबऱ्याबाहेर जायच्या आधी दादापुढं ठेवायचा, दादा टिचकी मारणार. खणखणला, तर जाऊ द्या. बद्द वाजला, तर परत भट्टीत.

त्रिपुरी पौर्णिमेला महादेवाच्या सभामंडपात टांगायचा तांब्याचा मोठा दिवा मोरेश्वराकडं आला. अंगभर पानाफुलांची वेल घडवायची होती. घडवली, सुरेख घडवली! पण सण आला तोंडावर. तांबं ठोकताना मधूनमधून तापवून मऊ करावं लागतं. यानं घाई केली, गारच ठोकत राहिला. आणि कडीखाली, दिव्याच्या मानेला, बारीक चीर गेली.

नवा करायला वेळ नाही, आणि दिवा लागला नाही तर गावात तोंड कसं दाखवायचं? मग काय केलं? चिरेला कथलाचा डाग दिला. अहो, सांध्याला तांबट डागच म्हणतात, शब्द काही मी बनवला नाही! डाग दिसतो पांढरा. पण नक्षीला उठाव यावा म्हणून वेलीच्या खोबणी गंधकाच्या पाण्यानं काळ्या करतात ना? तशा केल्या, आणि डागावर काजळी मिसळून जास्तीचा हात फिरवला. वरची पानं तेवढी घासून उजळली. काय वेल खुलली म्हणता! चीर शोधायला जावं, तर नक्षीच दिसायची.

राहिली टिचकी. दादानं हात पुढं केला, तसा हा म्हणाला,

"दादा, वेल अजून ओली आहे. हात लावू नका."

दादानं हात मागं घेतला. विश्वास ठेवला हो त्यानं!

पौर्णिमेला दिवेलागणीला सगळ्या वाती पेटल्या. धाकट्याच्या हातचा दिवा, म्हणून गावानं कौतुकानं दादाला बरोबर त्याच्याखाली बसवलं. मोरेश्वर खांबाशी उभा. उठवावं म्हणून पाऊल उचललं – आणि लोक काय म्हणतील, म्हणून परत टेकलं. वातींनी तांबं तापलं. कथील लवकर वितळतं, हे तांबटाला का सांगायला हवं?

मान सुटली. दिवा दादाच्या खांद्यावर आदळून फरशीवर पडला, उकळतं तेल अंगभर झालं. लोक ओरडले, साखळी तुटली, साखळी तुटली. मोरेश्वरानं दादाचं डोकं मांडीवर घेतलं. दादाचे ओठ हलत होते. यानं कान जवळ नेला.

"मोरू, बद्द वाजला रे."

एवढंच बोलला, आणि गेला.

गावानं साखळीला दोष दिला, मोरेश्वराची समजूत घातली. पुढं त्यानं खूप भांडी घडवली. टिचकी मारायचा, भांडं खणखणायचं. त्याच्या कानांना मात्र बद्दच ऐकू यायचं.

हळहळलात ना मंडळी? थांबा. कपाळी गंध, गळ्यात माळ – नक्षी छान आहे आपली, माझीसुद्धा! घरचं कुणी मायेनं हात पुढं करतं, काय झालंय म्हणून विचारतं. आपण काय सांगतो? वेल ओली आहे! आज घरी जा, ज्याचा हात चुकवलात त्याच्यापुढं बसा. मारू द्या टिचकी. बद्द वाजलात तर वाजा, भट्टी परवडली. आपल्या दिव्याखाली आपलंच माणूस बसलेलं असतं हो!