घरच्या ड्राइव्हवरची गाणी

गोरेगावहून हिंगोलीला निघालेल्या जीपमध्ये गोपाळरावांसमोर तांड्यावरचे भावसिंग आणि त्यांची लेक मिना बसली होती. मिना घरी बसून पुण्याच्या हापिसाचं काम करायची.

“बा, हापिसाच्या कम्प्युटरात व्हायरस शिरला. माझ्यासंगं काम करणाऱ्या संतोषदादाच्या घरच्या फायलींनाबी कुलूप लागलं, उघडतच न्हाईत.”

“घरच्या काहून?”

“घरचा कम्प्युटर हापिसाला जोडताना विचारतंय, घरची ड्राइव्ह, म्हंजी फायलींची पेटी, जोडू का? त्यानं टिक मारली होती. फायली झटक्यात जातात ना. त्याच वाटेनं व्हायरसबी आला.”

“आन् तू?”

“म्या मारलीच न्हाई. तुमीच वरडत होता, एकेक फाईल काय पाठवून राहिली, कामचुकार!”

“ते जाऊ दे. आपल्या कम्प्युटरातली तुझ्या आईची गाणी? ती गेल्यावर तेवढाच तिचा आवाज उरला, पोरी.”

“सारी बराबर हायत. मधला खोकलाबी हाय. काल मोबाइलमध्येबी घेतली.”

“व्हय? अरे ड्रायव्हर, तुझं गाणं बंद कर!”

“काहून, बाबा?”

“आता माझी बायको गाणार हाय!”

गोपाळरावांनी लगबगीनं आपल्या बाजूची काच वर केली.