भिमानं बॉल का सोडला

धाऊ : ते काय नाय, भिमा. ग्लोज आण आणि माज्या हातात दे. फुटबॉल कमिटीचा ठराव झालाय.

भिमा : अरे, मॅच संपून दोन तास नाय झाले, एवढ्यात ठराव?

धाऊ : मंग काय आरती करायची तुजी? चार वर्षं मुरबाडात पडलेला कप गेल्या साली कुठं शहापूरला आणला. आज नुसती ड्रॉ झाली असती तरी आपल्याकडंच ऱ्हात व्हता. शेवटचं मिनिट, बॉल तुज्या छातीशी, दोन्ही हातात! आणि तू बॉल सोडून बैलाचं शेपूट धरलंस!

भिमा : बैल सुटला व्हता.

धाऊ : सुटू दे की! तू गोलकीपर हायस का गुराखी? इकडं तू शेपटाला लोंबकळतोस, तिकडं मुरबाडच्या रोशननं बॉल आत ढकलला. रोशन कोण तुजा?

भिमा : मेवणा.

धाऊ : बैल कुणी दिला?

भिमा : सासऱ्यानं.

धाऊ : सासरा कुठला?

भिमा : वैशाखऱ्याचा.

धाऊ : म्हंजे मुरबाडचाच! सगळे बोंबलतायत, भिमानं सासरवाडीला गोल आंदण दिला. माज्या एसटीडी बूथवर मुरबाडवरनं सात फोन आले. उचलला की ‘हम्माऽऽ’ करतात नि ठेवतात.

भिमा : मंग मास्तरांना बोलायचं. रेफरी ते व्हते.

धाऊ : मास्तरांनी नियमाचं पुस्तक दोनदा चाळलं. त्यात बैलच नाय! दिला गोल. आता ऐक. एकतर हा बैल म्हशाच्या जत्रेत विकायचा, नायतर आजपासून गोलात हनुमान.

भिमा : हनुमान? बॉल येताना दिसला की डोळे मिटतो तो!

धाऊ : मिटू दे. त्याची सासरवाडी डोळखांबला हाय. आपल्या तालुक्यात.

सावळी : (दारातून) विका की बैल, भावजी. नांगराला तुमाला जुंपू. चालंल ना?

धाऊ : वैनी, तुमी मदी पडू नका. तुमी मुरबाडची पार्टी.

सावळी : हायच. भावानं गोल मारला तवा टाळ्या पण वाजवल्या मी. पण माजा नवरा फुटला म्हणायचं काम नाय. बैल गोलामागं बांधला कुणी?

भिमा : सावळे, गप गो.

सावळी : का गप? सांगा ना, भावजी.

धाऊ : ते... मुरबाडची पोरं तिथं उभी राहून शिट्ट्या मारत व्हती. त्यांना लांब ठेवायला मीच बांधला.

सावळी : अन् गाठ?

धाऊ : टाइम कुठं व्हता? फास्टमदी मारली.

सावळी : ह्यांनी बॉल धरल्यावर तुमी काय करत व्हता?

धाऊ : मी? कप आपलाच झाला म्हणून जरा...

सावळी : जरा? मुरबाडवाल्यांकडं तोंड करून कमरेत वाकून नाचत व्हता! पाठ कुणाकडं?

धाऊ : गोलाकडं.

सावळी : अन् बैल खांबाला वळसा घालून, शिंगं खाली करून कुठं निघाला? हातभर राहिला व्हता, भावजी. ह्यांनी शेपूट धरलं नसतं, तर हा ठराव तुमी पालथं झोपून केला असता.

धाऊ : भिमा? खरं काय हे?

भिमा : जाऊ दे रे.

धाऊ : जाऊ दे काय! दोन तास शिव्या खातोयस. बोललास का नाय?

भिमा : तू कॅप्टन. मुरबाडवाल्यांनी तुला जन्मभर हसून घेतलं असतं. मला काय, सासरवाडीवरनं ऐकायची सवय हाय.

धाऊ : लय येडा हायस तू.

सावळी : ग्लोज नेताय ना? वाळत टाकलेत बघा कुडावर.

धाऊ : ऱ्हाऊ द्या, वैनी. त्याचेच हायत ते. बैल पण ऱ्हाऊ दे.

भिमा : अरे, निघालास कुठं?

धाऊ : स्टँडवर. भिमा फुटला म्हणून भेटंल त्याला सांगत सुटलो व्हतो मी.

भिमा : मंग आता?

धाऊ : आता एकेकाला गाठून माज्या नाचाचं सांगतो. वडापाववाल्यापासून सुरवात करतो, त्याच्याकडं जास्त बोललोय.