दोन डिस्क आणि सोबतीचा दिवा

सुमन, मी मागं नवस बोलले होते, आठवतंय? आईच्या आवाजातली सोमवारची कहाणी लेकीच्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि डिस्कच बंद पडली. म्हटलं, महादेवा, आईचा आवाज परत दे, सोळा सोमवार करीन. नगरच्या दुकानदारानं कसाबसा काढून दिला.

मग लेक म्हणाली, "आता घरातच छोटा सर्व्हर बसवू, सगळं जपून ठेवणारा डबा." दुकानात मला काही उमजेना. एक मोठी डिस्क सोडून ही दोन लहान मागते, त्याही वेगवेगळ्या कंपन्यांच्या!

"दोन्हींत तेच ठेवायचं, आई. कंपन्या वेगळ्या, म्हणजे दोन्ही एकदम बंद पडायच्या नाहीत."

"अगं, तेच दोनदा कशाला?"

"नवरात्रात अखंड दिव्याशेजारी तू सोबतीचा दुसरा दिवा का लावतेस?"

"एक विझला, तर दुसऱ्यावरून लावता यावा म्हणून."

दुकानदार हसला. "मावशी, तुमाला तर सगळं येतंय की!"

कुठलं येतंय! आई नेमकी कुठल्या डिस्कमध्ये आहे, ते अजून कळत नाही. म्हणून संध्याकाळी मी त्या डब्यावरच्या दोन्ही हिरव्या दिव्यांना हात जोडते.

तुझ्या आईच्या ओव्या एकाच मोबाईलमध्ये आहेत ना? नवस जरूर बोल, बाई. पण आधी सोबतीचा दिवा लाव.