घागर खाली ठेवीपर्यंत

मी सदाशिव पेठेतली. बाबा क्लासमध्ये गणित शिकवायचे, आई घरी, आणि मला घातलं कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत. तिथे माझ्या मराठीला हसायचे आणि घरी माझ्या इंग्रजीला, म्हणून मी बोलणंच कमी केलं. साउंडचं काम मी त्यासाठीच धरलं, काय सांगू तुम्हाला, मिक्सरच्या मागे उभं राहिलं की कोणी तुमच्याशी बोलत नाही, नुसता अंगठा वर करतात नाहीतर खाली.

आधी आईचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मी असते, तिचा मुखवटा तांदळाच्या उकडीचा करतात, आणि संध्याकाळी बायका तिच्यापुढे घागरी फुंकतात. घागरीच्या तोंडावर फुंकर घालायची, घुंऽ घुंऽ आवाज काढायचा आणि त्या तालावर नाचायचं. आईच्या अंगात येतं. दरवर्षी येतं. आणि एक नेम आहे, अंगात आलेली आपणहून घागर खाली ठेवत नाही तोवर बाकीच्यांनी थांबायचं नाही, कितीही धाप लागली तरी. एका वर्षी कोणी पाहुणी हसायला लागली, तिचं बघून सगळ्याच थांबल्या, तर आई नंतर कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती, मला हाक मारेना. तेव्हापासून मला त्या आवाजाची भीती नाही वाटत, तो थांबण्याची वाटते.

आता नील. मी ज्याच्याकडे काम करायचे तो. नील प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीत करतो, म्हणजे बिघडलेला फ्रिज करतो तसा आवाज, फक्त तिकीट लावून आणि अनवाणी पायांनी. तो एकदा इंडोनेशियात फिरून आला आणि जावा बेटावरच्या सुंदानीज लोकांमधले एक आजोबा आणि त्यांची नात यांना इथे घेऊन आला. शोधून काढलं म्हणायचा त्यांना, जसे काही ते हरवलेच होते. आजोबा दोन तारांचं उभं वाद्य गजाने वाजवायचे, नात जमिनीवर ठेवलेल्या वाद्याच्या तारा छेडायची. भाताची कापणी झाली की तांदळाच्या देवीसाठी हे वाजवतात, आणि तिथल्या बायकांच्या अंगात येतं. नातीला इंग्रजी यायचं. चहा पिताना तिने सांगितलं, आजोबा म्हणतात, कोणी आत गेलं असेल तर ते परत येईपर्यंत वाजवणं सोडायचं नाही. नील म्हणाला, ब्यूटिफुल. आणि लगेच माझ्याकडे वळून, पण शेवटी मी हात वर केला की सगळे चॅनल शून्यावर आण, मला टोटल सायलेन्स हवाय, लोकांना पोकळी जाणवली पाहिजे. पोकळी म्हणे. ती कुठे होती ते मला दिसतच होतं.

कार्यक्रम खराडीत, आयटी पार्कमागच्या एका गोदामात. आई पहिल्यांदाच माझं काम बघायला आली, येऊ नकोस म्हटलं होतं तरी आली, इरकल नेसून, डब्यात माझ्यासाठी खिचडी घेऊन. आल्या आल्या म्हणते, अगं, इथे खुर्च्या का नाहीत, गरीब आहेत का? आजोबांनी पुढे तांदूळ मांडले, उदबत्ती लावली, तर नील म्हणतो लॅपटॉपपासून लांब ठेवा. वाजवणं सुरू झालं, त्यावर नीलच्या लॅपटॉपची घरघर, तशी सगळी माणसं डोळे मिटून डोलायला लागली, म्हणजे एक डोळा मिटून, दुसरा फोनवर.

आणि आई उठली. दोन्ही हात तोंडाशी, मध्ये घागर असल्यासारखे, आणि घुंऽऽ. लोकांनी गोल केला, व्हिडिओ काढायला लागले, एक जण ओरडला, वॉव आंटी! धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. आणि तेवढ्यात नीलने हात वर केला.

मी एकच चॅनल शून्यावर आणला. त्याचा. आजोबांचा आवाज उलट वाढवला. नील हात वर करून तसाच उभा, आणि पुण्यात ट्रॅफिक पोलिसाचं जेवढं ऐकतात तेवढंच मी ऐकलं. आजोबा माझ्याकडे बघतही नव्हते, आईकडे बघत होते, घामाने शर्ट चिकटला तरी गज थांबेना, नातीची बोटं थांबेनात. ते चाललंच, चाललंच, इतकं की डोलणारी माणसं कंटाळून बिअर आणायला गेली. मग आई वाकली, नसलेली घागर तिने सांभाळून खाली ठेवली, पदर नीट केला आणि पाणी मागितलं. तेव्हा कुठे आजोबांनी गज उचलला.

पुढचं ऐका. टाळ्या. कानात बाळी घातलेला एक गृहस्थ नीलला म्हणाला, शेवटी तुम्ही स्वतःला ज्या पद्धतीने काढून घेतलंत ना, काय संयम! नीलने डोळे मिटून नमस्कार केला. आणि पार्किंगमध्ये मला म्हणाला, यू आर सो अनप्रोफेशनल, पुढच्या वेळेपासून येऊ नकोस. मी अंगठा वर केला. सवय आहे.

आता मी बिबवेवाडीतल्या एका मंगल कार्यालयात साउंड बघते. दारात आडवी लावलेली गाडी काढा, वधूच्या मामांनी स्टेजवर यावं. पोकळी कोणालाच नको असते. नीलने त्या गोदामातलं रेकॉर्डिंग स्वतःच्या नावाने नेटवर टाकलं, मी आईला ऐकवलं. म्हणाली, आजोबा काय छान वाजवतात गं, पण तो दुसरा काय करत होता? म्हटलं, हात वर करून उभा होता. असू दे, म्हणाली, देवी त्याचंही भलं करो. तिचं मन मोठं आहे, माझं नाही.

येत्या अष्टमीला मीही घागर घेणार आहे. माझ्या अंगात काही यायचं नाही, मला माहीत आहे. पण आई खाली ठेवीपर्यंत मी थांबणार नाही.